निवृत्तीनंतरची हजेरी

१३ मार्च १९९५ च्या सकाळी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या एका बागेत पाच माणसं हसायला जमली. त्यांना जमवणारे मदन कटारिया पेशाने डॉक्टर. हसण्याचा तब्येतीला काय फायदा होतो, यावर एका आरोग्यविषयक मासिकासाठी ते लेख लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांना वाटलं, नुसतं लिहिण्यापेक्षा करूनच बघावं. सुरुवातीला एकाने विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, असा प्रकार होता. माणसं वाढत गेली, पण दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. उरले ते कुणाला तरी बोचणारे, नाहीतर चारचौघांत सांगता न येणारे. मंडळी नाराज झाली. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकले. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवत. त्यांच्या मदतीने श्वासाचे व्यायाम आणि विनाकारण हसणं यांची सांगड घातली गेली. टाळ्या वाजवत ‘हो हो, हा हा हा’ म्हणायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, समोरच्याला नमस्कार करत हसायचं, जीभ बाहेर काढून सिंहासारखं हसायचं. हास्ययोग म्हणून पुढे शंभराहून अधिक देशांत गेलेली पद्धत ती हीच.

विनोद वजा केल्यावर या क्लबात काय उरलं, हे बघण्यासारखं आहे. ठरलेली वेळ उरली, ठरलेली जागा उरली आणि रोज समोर येणारे तेच चेहरे उरले. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या बागांमधून नंतर असे क्लब निघाले आणि त्यांत साठीपुढच्या माणसांची गर्दी झाली. अमुक दोन दिवस आले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करतं किंवा परत जाताना त्यांच्या दारावरून जातं. माझ्या मते या क्लबांचं खरं बळ या तिसऱ्या दिवसाच्या फोनमध्ये आहे.

हसणं स्वतः निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या संशोधकांनी चाळिशीपुढच्या १७,१५२ लोकांची पाहणी केली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्वचितच हसणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. त्या आधारावर यामागाता प्रांताच्या विधिमंडळाने जुलै २०२४ मध्ये चक्क एक नियम संमत केला. नागरिकांनी दिवसातून एकदा तरी हसावं आणि दर महिन्याची आठ तारीख हसण्याचा दिवस म्हणून पाळावी, असं त्यात म्हटलं आहे. काही सदस्यांनी विरोध केला. आजारपणामुळे किंवा दुःखामुळे ज्याला हसता येत नाही त्याने काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. शिवाय अशा पाहणीतून हसणारा जास्त जगतो, की धडधाकट असणाराच जास्त हसतो, हे नक्की सांगता येत नाही. आपल्याकडेही कुर्ल्याच्या शीतल तलावाजवळ भरणाऱ्या हास्य क्लबाच्या आवाजाविरुद्ध तिथल्याच एका वयस्क रहिवाशाने उच्च न्यायालयात धाव घेतली होती. सगळ्या म्हाताऱ्या माणसांना एकच औषध लागू पडत नाही, हे त्या खटल्याने चांगलं दाखवून दिलं.

हास्य क्लबाची जन्मभूमी असलेलं लोखंडवाला ऑगस्ट २०१७ मध्ये वेगळ्याच कारणाने बातम्यांत आलं. परदेशात राहणारा एक मुलगा आईला भेटायला आला. दार आतून बंद होतं. किल्लीवाल्याला बोलावून ते उघडलं, तेव्हा आत आईचा सांगाडा सापडला. मुलाचं आईशी शेवटचं बोलणं झालं त्याला वर्षाहून जास्त काळ लोटला होता. त्या वेळी बहुतेकांनी त्या मुलाला बोल लावले. मला मात्र तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की एक मुलगा सातासमुद्रापार होता, पण एक अख्खी इमारत तर तिथेच होती.

जपानने असा धक्का सतरा-अठरा वर्षं आधीच खाल्ला होता. टोकियोजवळच्या मात्सुदो शहरात तोकिवादाइरा नावाची मोठी गृहवसाहत आहे. १९६० मध्ये सरकारी संस्थेने बांधलेली, सुमारे पाच हजार घरांची. २००० च्या आसपास तिथल्या एका घरात ६९ वर्षांच्या माणसाचा मृतदेह सापडला. तो मरून तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं कुणालाच का कळलं नाही? घरभाडं, वीज आणि गॅस यांचे पैसे दरमहा त्याच्या बँक खात्यातून आपोआप वळते होत होते. खातं रिकामं झालं, भाडं थकलं आणि मग कुणीतरी दार ठोठावलं. जपानी पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात त्या देशात ७६,०२० माणसं घरी एकटी असताना मरण पावली. त्यातली ५८,०४४ माणसं पासष्ट किंवा त्याहून अधिक वयाची होती. बहुतेकांचा पत्ता काही दिवसांत लागला, पण ज्यांचा लागायला महिन्याहून जास्त काळ गेला अशांची संख्याही हजारांत आहे. एकटेपणाच्या प्रश्नासाठी जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वतंत्र मंत्री नेमला आणि एप्रिल २०२४ पासून त्यासाठी कायदाही लागू केला.

खात्यातून आपोआप जाणारे पैसे ही बाब आपल्या उपनगरांनी नीट समजून घ्यायला हवी. पूर्वी महिन्याचा मेंटेनन्स द्यायला माणूस सोसायटीच्या ऑफिसात जायचा, विजेचं बिल भरायला रांगेत उभा राहायचा, पेन्शन आणायला बँकेत जायचा. त्या खेपा कंटाळवाण्या होत्या, पण प्रत्येक खेपेला चार माणसं त्याला बघायची. दारातली दुधाची पिशवी उचलली गेली नाही, की शेजारणीच्या लक्षात यायचं. आता दूध ॲपवरून येतं, बिलं फोनवरून भरली जातात, सोसायटीचे पैसे खात्यातून जातात. सोय झालीच आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ती मोठी सोय आहे. पण त्या सोयीने माणसाची रोजची हजेरी पुसून टाकली.

तोकिवादाइरा आणि आपल्या म्हाडाच्या वसाहती यांत एक साम्य आहे. विक्रोळीचं कन्नमवार नगर किंवा घाटकोपरचं पंतनगर उभं राहिलं, तेव्हा तिथे आलेली जोडपी तरुण होती. गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्यांतून किंवा थेट कोकणातून आलेली. एकाच वयाची, एकाच वेळी आलेली माणसं एकाच वेळी म्हातारी होतात. मुलांनी ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणपलीकडे किंवा बंगळुरूत, न्यू जर्सीत घरं केली. इमारतीत दर दुसऱ्या दाराआड दोन म्हातारी माणसं, पुढे एकच. जपानमध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण आता शंभरात एकोणतीस आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे शंभरात दहाच्या आसपास होते. राज्याची सरासरी बघून आपण निर्धास्त राहतो. पण मुलुंडच्या किंवा पार्ल्याच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी कोण बसलं आहे ते पाहिलं, तर जपान फार लांब वाटत नाही.

साठी या आकड्याला दोन्ही समाजांत मान आहे आणि त्यामागचा हिशोबही एकच आहे. आपल्याकडे प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं आहेत. साठ वर्षं पूर्ण झाली, की जन्माच्या वेळचं संवत्सर पुन्हा येतं, म्हणून साठीशांत. जपानमध्ये चीनकडून आलेलं साठ वर्षांचं चक्र आहे. ते पूर्ण झाल्यावर माणूस नव्याने जन्मला असं मानून त्याला तान्ह्या बाळासारखं लाल जाकीट आणि लाल टोपी घालतात. पुढे आपल्याकडे पंचाहत्तरी आणि ऐंशी ओलांडताना सहस्रचंद्रदर्शन, तर त्यांच्याकडे ७७, ८८ आणि ९९ हे मानाचे टप्पे. शंभरी गाठणाऱ्याला जपान सरकार १९६३ पासून चांदीचा पेला भेट देतं. त्या वर्षी देशभरात शंभरी गाठलेली माणसं होती १५३. २०२५ च्या सप्टेंबरात ती ९९,७६३ झाली. खर्च परवडेना म्हणून २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा असतो.

साठीशांतीच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे पुरोहितांनी सोडवलेला नाही. जपानने त्यावर एक व्यवस्था बसवली. १९७५ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागात ज्येष्ठांसाठी कामं मिळवून देणारी संस्था निघाली. (हाच तो भाग, जिथे आज भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि जिथून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ स्थानिक सभागृहावर निवडून आले.) त्या संस्थेच्या धर्तीवर पुढे देशभर केंद्रं उभी राहिली, १९८६ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला आणि आज त्यांचे सात लाखांच्या आसपास सभासद आहेत. साठीच्या पुढचा कुणीही सभासद होतो. महापालिका, दुकानदार, घरमालक या केंद्राकडे काम मागतात. बागेतलं गवत काढणं, सायकलतळ सांभाळणं, दारांचे फाटलेले कागदी पडदे नव्याने चिकटवणं, एखाद्या थकलेल्या शेजाऱ्याच्या घरची आवराआवर. काम महिन्याला दहाएक दिवसच द्यायचं, म्हणजे ते झेपतं आणि जास्त जणांच्या वाट्याला येतं. मोबदला बेताचा असतो. कमाईपेक्षा मोठी गोष्ट अशी, की मंगळवारी सकाळी आठ वाजता अमुक सायकलतळावर तुमची वाट पाहिली जाते.

जपानमध्ये ६५ ते ६९ या वयाची निम्म्याहून अधिक माणसं काही ना काही काम करतात. ती सगळी हौसेनं करतात असं चित्र रंगवणं खोटेपणाचं होईल. पेन्शन पुरत नाही म्हणून रात्रपाळीला उभे राहणारे सत्तरीचे पहारेकरी तिथेही आहेत, जसे अंधेरीच्या टॉवरखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर आपल्याकडेही आहेत. पोटासाठी करावं लागणारं काम आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत म्हणून केलेलं काम यांतला फरक पुसता कामा नये.

आपल्याकडे निवृत्त माणसाला पहिल्या दिवसापासून एकच वाक्य ऐकू येतं: आता आराम करा. मुलगा म्हणतो, सून म्हणते, ऑफिसातला निरोप समारंभ म्हणतो. प्रेमाने म्हटलेलं असतं, त्यात शंका नाही. पण ५८ व्या वर्षी बेस्टमधून किंवा मंत्रालयातून बाहेर पडलेल्या माणसापुढे वीस-पंचवीस वर्षं असतात आणि तेवढा आराम कुणालाच सोसत नाही. प्रत्यक्षात उपनगरातले आजी-आजोबा केवढं तरी काम करत असतात. नातवाला स्कूलबसपर्यंत सोडणं, गॅसवाल्यासाठी घरी थांबणं, बँकेची कामं, सोसायटीची सेक्रेटरीगिरी, गणपतीची वर्गणी. फक्त त्याला कुणी काम म्हणत नाही. सून-मुलगा दोघं सात बाविसची लोकल पकडू शकतात ते घरात ही माणसं आहेत म्हणून.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ मोठी आहे. गावोगावच्या संघांचा फेस्कॉम हा महासंघ आहे. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, पार्ले इथे नेटाने चालणारे संघ आहेत. व्याख्यान, सहल, वाढदिवस, आरोग्य तपासणी, कोजागरी असं त्यांचं वर्ष असतं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि म्हणूनच एक तक्रारही आहे. बहुतेक कार्यक्रमांत सभासद श्रोता असतो. मधुमेहावरचं व्याख्यान तो विसाव्यांदा ऐकतो. ज्या माणसाने तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, जी बाई पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती, त्यांना खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवायला लावणं हा त्यांच्या हातांचा अपमान आहे. ज्या संघांनी वाचनालय चालवणं, शेजारच्या महापालिका शाळेतल्या मुलांचा अभ्यास घेणं, दवाखान्यात सोबत जाणं अशी कामं सभासदांना वाटून दिली आहेत, तिथे हवा वेगळी असते.

कामाचा आणि उतारवयाचा संबंध बघायचा, तर मराठी माणसाला जपानी उदाहरणाची गरजच नाही. पण गंमत अशी, की आपलं सर्वांत मोठं उदाहरण जपानशी बांधलेलं आहे. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. त्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या भाषणात त्यांनी जपानी नमुन्यावर भारतीय स्त्रियांसाठी विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, म्हणजे आज ज्या वयात राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या हातात शाल आणि श्रीफळ देतात त्या वयाचे. आपल्या उपनगरात सांताक्रूझ-जुहूला ज्या एसएनडीटी विद्यापीठाचा मोठा परिसर आहे, ते हेच. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते जगाच्या प्रवासाला निघाले आणि त्यात जपानलाही जाऊन आले. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढून तिच्या वर्गणीसाठी स्वतः हिंडले. १९४४ मध्ये समता संघ काढला. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये १०४ व्या वर्षी ते गेले.

कर्व्यांच्या मापाने कुणा निवृत्त कारकुनाला मोजायचं नाही. त्यांच्या आयुष्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट निराळी आहे. त्यांनी उतारवयात स्वतःला गुंतवून ठेवण्यासाठी छंद शोधला नाही. प्रत्येक वेळी त्यांनी असं काम उचललं, जे झालं नाही तर कुणाचं तरी अडणार होतं.

जपानी माणसाच्या दीर्घायुष्याबद्दल आपल्याकडे गेल्या काही वर्षांत पुस्तकांची लाट आली. ‘इकिगाई’ (म्हणजे जगण्याचं कारण) हे पुस्तक मराठीत आलं, खपलं आणि निवृत्तीच्या भेटीत शालीबरोबर दिलं जाऊ लागलं. त्या विषयाबरोबर नेहमी दिसणारी चार वर्तुळांची आकृती (आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय, पैसे कशाचे मिळतात) जपानी नाही. ती युरोपात तयार झाली आणि २०१४ मध्ये एका इंग्रज लेखकाने तिच्यावर जपानी नाव चढवलं. पैसे कशाचे मिळतात, हा प्रश्न पंचाहत्तर वर्षांच्या आजीला विचारण्यात काय अर्थ? आणि ज्या ओकिनावा बेटांचे गोडवे त्या साहित्यात गायले जातात, तिथल्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत २००० मध्ये २६ व्या क्रमांकावर घसरलं आणि २०२० मध्ये ४३ व्या. रताळी, भाज्या आणि टोफू खाणारी पिढी गेली, नंतरची पिढी मोटारीतून हिंडत आणि तळलेलं खात वाढली.

इकिगाईचा खरा अभ्यास जपानमध्ये मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी केला. त्यांचं पुस्तक १९६६ चं. त्या एका बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत वर्षानुवर्षं जाऊन काम करत. समाजाने टाकलेली, घर तुटलेली माणसं तिथे होती. कामियांना दिसलं, की आजार सौम्य असलेल्या, पोटापाण्याची चिंता नसलेल्या कित्येकांना आयुष्य रिकामं वाटत होतं आणि शरीर फार झिजलेल्या काहींना ते भरलेलं वाटत होतं. सुखसोयी आणि जगण्याची ओढ या दोन गोष्टी एकमेकींच्या मागे चालत नाहीत, हे त्यांनी रुग्णांकडूनच शिकून घेतलं. २००८ मध्ये ओसाकी या भागातल्या ४३ हजारांहून अधिक लोकांच्या सात वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. जगण्याला काही कारण आहे असं न वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

यात बायका आणि पुरुष यांची गोष्ट एक नाही. बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीत भजनी मंडळ असतं, भिशी असते, मंगळागौरीचे खेळ बसवणारा गट असतो, हळदीकुंकवाची यादी असते. बाईने नोकरी केली असो वा नसो, तिची माणसं इमारतीत असतात. पुरुषाची माणसं ऑफिसात आणि लोकलच्या ठरलेल्या डब्यात असतात. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसही जातं आणि डब्यातला ग्रुपही जातो. जपानमध्ये निवृत्त नवऱ्याच्या दिवसभराच्या घरी असण्याने बायकांच्या तब्येती बिघडतात, असं तिथल्या एका डॉक्टरने १९९१ मध्येच मांडलं होतं. आपल्या घरांत हे मोठ्याने कुणी म्हणत नाही, पण डाळीला फोडणी कशी द्यायची ते शिकवणाऱ्या निवृत्त नवऱ्याची तक्रार भजनी मंडळात नेहमीची आहे. बाईचं कोडं दुसरंच असतं. ती निवृत्त होतच नाही. सत्तराव्या वर्षीही दोन वेळचा स्वयंपाक, नातवंडं आणि आजारी नवरा. तिला अर्थ शोधण्याआधी थोडी फुरसत हवी असते आणि घरातल्या पुरुषाने भाजी निवडायला घेतली, तर दोघांचेही प्रश्न थोडे हलके होतात.

शरीर थकतं तेव्हा या सगळ्या बोलण्याला मर्यादा येतात. कंबरेचं हाड मोडलं, विस्मरण सुरू झालं, की हजेरी लावायला माणूस बाहेरच पडू शकत नाही. जपानने २००० मध्ये देखभालीचा विमा सुरू केला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण हप्ता भरतो. गरज पडली, की तपासणी करून सात पायऱ्यांपैकी एक ठरवतात आणि त्यानुसार आंघोळ घालायला माणूस, दिवसभराचं केंद्र, नर्स, घरातल्या आधारदांड्या यांचा खर्च निघतो. रुग्णाला दहा ते तीस टक्के भरावे लागतात. आपल्याकडे सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचं रुग्णालयातलं संरक्षण मिळालं, ही चांगली गोष्ट झाली. पण रुग्णालयातून घरी आल्यावरच्या महिन्यांचं काय? तिथे नर्सिंग ब्यूरोकडून आलेली बाई असते आणि तिचा महिन्याचा पगार कित्येकांच्या पेन्शनपेक्षा जास्त असतो. ती बाईदेखील पन्नाशीची, बदलापूर किंवा नालासोपाऱ्याहून येणारी, स्वतःच्या म्हातारपणाची कसलीच तरतूद नसलेली. जपानच्या व्यवस्थेतली कुठली एक गोष्ट उचलावी असं मला विचारलं, तर मी हा विमा सांगेन.

तोपर्यंत हातातलं जे आहे ते तरी मोडू नये. मुंबईच्या उपनगरांत सध्या हजारो जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत. रिडेव्हलपमेंटमध्ये ज्येष्ठ सभासदाला मोठं घर मिळतं, लिफ्ट मिळते, आणि चौथ्या मजल्यावरून गुडघे धरत उतरणाऱ्याला लिफ्टचं मोल विचारावं. पण मधली तीन-चार वर्षं, कधी काम रखडलं तर सात-आठ, तो भाड्याच्या घरात असतो. भाडं परवडेल तिथे, म्हणजे बोरिवलीचा माणूस विरारला आणि घाटकोपरचा कळव्याला. ज्या माणसांना त्याच्या चालण्याचा आवाज ओळखीचा होता, ती दहा दिशांना पांगतात. पंचाहत्तरीला नव्या शेजारात ओळखी जमत नाहीत. काही जण नव्या घराची किल्ली घ्यायला उरत नाहीत, हे अशा प्रत्येक सोसायटीला ठाऊक आहे. नव्या टॉवरच्या नकाशात पोडियमवर जिम असते, कारण फिटनेस सेंटरची जागा चटईक्षेत्रात मोजली जात नाही. पायऱ्यांचा कट्टा मात्र गेलेला असतो.

जपानच्या आइची प्रांतातल्या ताकेतोयो गावाने २००७ पासून ज्येष्ठांसाठी छोट्या बैठका सुरू केल्या. चालत जाता येईल इतक्या जवळ जागा, महिन्यातून एक-दोनदा जमणं, गाणी, खेळ, चहा, आणि सगळी व्यवस्था बघणारे स्वयंसेवक बहुतेक ज्येष्ठच. संशोधकांनी पाच वर्षं पाठपुरावा केला. येणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचं प्रमाण न येणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मं होतं. तोकिवादाइराच्या रहिवाशांनीही २००७ मध्येच वसाहतीत रोज उघडी असणारी बैठकीची जागा काढली. यातल्या कशालाही मोठा पैसा लागला नाही. लागली ती तळमजल्यावरची एक खोली आणि किल्ली सांभाळणारी माणसं.

बिल्डरशी करार करताना सोसायटीची सर्वसाधारण सभा पार्किंगवर तीन तास भांडते. त्याच सभेत तळमजल्यावरची तीनशे चौरस फुटांची एक खोली ज्येष्ठांसाठी मागता येते, नकाशा महापालिकेत जाण्याआधी. आणि मधल्या वर्षांसाठी एक वही पुरते. पांगलेल्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर बिल्डरच्या ऑफिसात असतातच, भाड्याचे चेक पाठवायला ते लागतात. तीच यादी सोसायटीतल्या दोघा-तिघा निवृत्त माणसांनी वाटून घ्यावी, दर आठवड्याला आपापल्या वाटणीचे दहा फोन करावेत आणि कुणी उचलला, कुणी नाही, ते वहीत लिहावं. ज्याने उचलला नाही त्याच्या मुलाला त्याच संध्याकाळी कळवावं; मुलगा लांब असेल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला.